नाटक नव्हतं, नाना

प्रिय नाना,

काल एका मुलाने माझ्यासमोर आपल्या बापाला "नाटकं बंद करा" म्हटलं, आणि तेव्हापासून तुम्ही माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते. रागावू नका, आणि रागावलात तरी शेवटपर्यंत वाचा!

आधी माझी खबर. तुमची बेबी मुंबईच्या एका कॉलेजात फिजिओथेरपी शिकवते आणि पार्किन्सनच्या माणसांच्या चालण्यावर संशोधन करते. हो, तुमच्याच आजारावर! पेशंटच्या पायांना छोटी यंत्रं बांधायची, त्यांना चालवायचं, सायकल मारायला लावायची, ठेक्यावर पावलं टाकायला लावायची, आणि कुठल्या व्यायामाने चाल किती सुधारते, तोल किती सावरतो ते मोजायचं. तुमच्या थोरल्या भावाला, आपल्या तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे मोठ्या मानसांना चालाया शिकवतेस? आनि त्याचा पगार देतात?" देतात हो तात्या, चांगला देतात!

तर काल मांडव्याकडचे एक चाचा तपासायला आले होते. वय सत्तरीचं, सगळा जन्म बोटीवर गेलेला. सोबत मुलगा. आमच्या खोलीच्या दारात चाचा आले आणि उभेच राहिले. गुडघे थरथरतायत, टाचा उचलतायत, पण पाऊल काही पुढे पडेना. मी हे रोज पाहते. मुलगा मात्र चिडला.

"मॅडम, बघा ना! आत्ता जेट्टीवरून लाँचमध्ये चढताना फळीवरून सरळ गेले. माझा हात पण नाय धरला. आणि इथे सपाट फरशी, तर उभे! अब्बा, नाटकं बंद करा ना आता."

मला आपलं अंगण दिसत होतं.

मी दहावीला होते तेव्हा. ओटीवरून माजघरात जाताना उंबऱ्याशी तुमचे पाय अडायचे. आई हात धरून ओढायची, आणि ओढलं की तुम्ही तोंडावर यायचात. पण शेतात? वीतभर रुंदीच्या बांधावरून तुम्ही झपाझप जायचात! घरात अडणारा माणूस बांधावर कसा चालतो, हे कोणालाच उमजेना. वाडीत कुजबुज सुरू झाली, की ह्याचा आजार काम बघून येतो. मी ती ऐकत होते, आणि खरं सांगते नाना, मलाही थोडं थोडं पटायला लागलं होतं.

त्यात गणपती आले. वाडीचं नाचमंडळ आपल्या अंगणात आलं, ढोलकीवर थाप पडली आणि तुम्ही खुर्चीतून उठलात! पायात चाळ बांधून घेतलेत आणि रिंगणात शिरलात. उभं आयुष्य बाल्या नाच नाचलेला माणूस तो! दोन फेऱ्या अशा नाचलात की पोरं तोंडात बोटं घालून बघत राहिली. मग ढोलकी थांबली, आणि तुम्ही अंगणाच्या मधोमध अडकलात. पाय हलेनात.

तात्या मोठ्याने हसले. "नाचाया बरं जमतंय रं! भाताचा भारा उचलाया सांगितला की पाय चिकटतात व्हय?"

सगळं अंगण हसलं. माझ्या मैत्रिणी गणपती बघायला आल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढे झाले आणि सगळ्यांदेखत ओरडले, "नाना, नाटकं बंद करा!"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मला वाटलं, ह्यांना काही लागलंच नाही.

नाना, या आजारात चेहरा हलत नाही! राग, दुःख, हसू, आतलं काही तोंडावर उमटत नाही. हे मला वर्गात कळलं, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी. मॅडम शिकवत होत्या आणि मी पहिल्या बाकावरून उठून बाहेर गेले. तुम्ही गेलात मी पहिल्या वर्षाला असताना. आणखी दोन वर्षं थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

पुढच्या गणपतीत मंडळ पुन्हा आलं. ढोलकी वाजली. तुम्ही उठला नाहीत. थरथरणारा हात मांडीखाली दाबून बसून राहिलात. आम्ही म्हटलं, चला, शहाणे झाले.

त्यानंतर तर आम्ही तुम्हाला पार खुर्चीतच ठेवलं. पाणी हातात, ताट हातात, अंघोळीचं पाणीसुद्धा ओटीच्या कडेला. शेताकडे जायचं नाव नाही. आपल्याकडे आजारी माणसाला काडी उचलू दिली नाही की केवढं कौतुक! आयाबाया आईला म्हणायच्या, "काय सेवा करतेस गं बाय!" आई थकून जायची, पण तिला त्याचा अभिमान होता. मलाही होता. आम्ही ते प्रेमानेच केलं, पण चालणाऱ्या माणसाला बसवून बसवून त्याचे पाय घालवले. आज माझ्याकडे कोणी आलं की मी पहिलं हेच सांगते, गोळ्या वेळेवर द्या आणि ह्यांना उठवा, चालवा, घाम येऊ द्या. जमेल तोवर त्यांची कामं त्यांनाच करू द्या.

तुमची पण कमाल आहे हां! एकदा तरी ठणकावून सांगायचंत, "बेबे, पाय ऐकत न्हाय गं माझं!" आवाज बारीक झाला होता, मान्य. कानात सांगायचंत.

पाय का ऐकत नव्हते ते आता मी तुम्हाला सांगते. चालताना आपण डावा-उजवा असा विचार करत नाही, मेंदू ते परस्पर सांभाळतो. तुमच्या मेंदूची नेमकी तीच वाट बंद पडत चालली होती. पण माणगावात हायवे तुंबला की एसटीवाला गाडी आतल्या रस्त्याने काढतो ना? तसंच बाहेरून ठेका मिळाला, किंवा पाऊल कुठे टाकायचं ते डोळ्यांना स्पष्ट दिसलं, की मेंदू दुसऱ्या वाटेने काम काढतो. बांधावर पावलागणिक लक्ष द्यावं लागायचं, म्हणून तिथे तुम्ही चालायचात. नाचात ढोलकी पाय उचलून द्यायची. ती थांबली की पुन्हा सगळं ठप्प! यात नाटक कुठे आलं? आज जगभर ठेक्यावर चालण्याचा, नाचाचा, सायकलचा अभ्यास चाललाय, आणि आम्ही अंगणात उभं राहून हसत होतो.

या व्यायामाने तुम्ही बरे झाला असतात, असं मी म्हणणार नाही. हा आजार बरा होत नाही, तुमच्याशी कशाला खोटं बोलू? पण तुम्ही आणखी काही वर्षं चालला असतात, कमी पडला असतात, हे मी छातीठोकपणे सांगते. आणि नाचला तर नक्कीच असतात!

काल मग मी फरशीवर आडव्या चिकटपट्ट्या लावल्या. म्हटलं, "चाचा, लाँचच्या फळीवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात ना? तशाच ह्या. एकेक ओलांडा." चाचांनी खाली बघितलं, पाय उचलला, आणि थेट खिडकीपर्यंत गेले! मुलगा बघतच राहिला. मी त्याला म्हटलं, "नाटक नाही रे हे. मी पण माझ्या वडिलांना हेच बोलले होते. सॉरी म्हणायचं राहून गेलं." हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, नाना. आईलासुद्धा नाही.

निघताना चाचा पुन्हा दारात अडले. मुलाने ओढलं नाही. बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "आरामात, अब्बा. बोट आपल्याला सोडून नाय जात."

संध्याकाळी मी तात्यांना फोन केला. ते अजून दर गणपतीत तुमचा तो किस्सा सांगतात, ठाऊक आहे तुम्हाला? नाचणाऱ्या आजाऱ्याचा. लोक अजून हसतात. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, बांध, ढोलकी, चेहरा.

"मंग त्यो खराच अडकला व्हता?"

"हो, तात्या."

"आनि मी भावाला हसलो, चार मानसांत." मग म्हणाले, "बेबे, ह्या गनपतीत ये. मंडळ अंगनात आलं की आधी तू सांग सगळ्यांना. माझ्या तोंडून न्हाय निघनार."

मी येणार आहे, नाना. ढोलकी सुरू व्हायच्या आधी अंगणात उभी राहून सांगणार आहे, की माझा बाप आजारी होता आणि तरीही नाचला. तात्या काय बोलले ते सांगणार नाही. म्हातारा माणूस आहे, आणि आता तो रडतो. मी काय बोलले ते सांगेन. त्याच शब्दांत, तेवढ्याच मोठ्याने, सगळ्यांदेखत. मग तुमची माफी मागेन.

तुमची लेक,
बेबी