चौथं प्रकरण आणि तुमचा उजवा कान

खडकी, मंगळवार

ती. श्यामसुंदरमामांस,

आमोदचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच. कंबर धरली आहे.) आपली तब्येत, उल्कामामीचे गुडघे आणि सतारीचा भोपळा, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा करतो. फोनच करणार होतो, पण तुमचं कानाचं यंत्र मधूनच शिट्टी मारतं, हे परवा मामीकडून कळलं. तिथेच माझा घात झाला.

तुम्हाला ठाऊकच आहे, सतारीच्या जुन्या गती आणि त्यांचे अज्ञात रचनाकार या विषयावर मी सात वर्षं पीएच.डी. करतो आहे. (ऑफिसात आत्तापासूनच डॉक्टर म्हणतात, पण वैतागून.) त्यासाठी वारज्याला तुमच्यासमोर अकरा रविवार बसलो. तुम्ही पडलात मितभाषी. मग मी माझी एक पद्धत बसवली. गुरूचं नाव निघालं की वादकाचा हात कानाच्या पाळीला जातो, हे कुणालाही माहीत आहे. म्हणून ज्या नावाला तुमचा हात कानाकडे गेला, ते नाव वहीत टिपत गेलो. सव्वीस नावं झाली. त्यांची गुरुपरंपरा मांडली, तेच चौथं प्रकरण.

त्यात सर्वांत ठळक बाबुराव. झिंझोटी रागातली ती गत कुणाची, असं विचारल्यावर तुम्ही नेहमीसारखे गप्प. तेवढ्यात मामी आतून काहीतरी म्हणाली. तुम्ही कान धरलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "बाबुराव! एकदा बसले की दोन तास उठत नाहीत." मी लिहिलं, बाबुराव, थोर रचनाकार, प्रदीर्घ आलापीसाठी ख्यात. परवा मामी म्हणाली, बाबुराव तुमच्या सोसायटीचे प्लंबर, ते आल्याचंच ती तेव्हा आतून सांगत होती. आणि शिट्टी वाजली की तुम्ही यंत्र दाबता.

उरलेले पंचवीस कोण, हे विचारायचा धीर झाला नाही. शुक्रवारी अकराला खुली तोंडी परीक्षा आहे. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना नेमकं चौथं प्रकरणच आवडलंय, बाबुरावांचा फोटो दाखवा म्हणतात. सात वर्षं पाण्यात जाणार, या विचाराने मला खरंच झोप लागत नाही. मामीला नमस्कार.

तुमचा भाचा,
आमोद

ता. क. शुक्रवारी या आणि पहिल्या रांगेत बसा. मी "बाबुराव" म्हटलं की एकदाच कानाला हात लावा. खोटं बोलायचं नाही, बोलायचंच नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवताना मामीचा फोन आला. झिंझोटीतली गत तुमचीच म्हणे, लग्नाच्या वर्षी बांधलेली. गुरूंच्या पंक्तीत आपलं नाव कशाला, म्हणून तुम्ही अकरा रविवार गप्प! आधी राग आला, मग रडू आलं. बाबुरावांना खोडलं आहे. पदवीचं जे व्हायचं ते होवो. शुक्रवारी सगळ्यांसमोर तुमचं नाव घेणार आहे, आणि कानाला हात मी लावणार आहे. यंत्र घालून या. शिट्टी वाजली तरी चालेल.