विषयाबाहेरचं मांजर

ती. दादास,

धाकट्याचा नमस्कार. (‘तीर्थरूप’ रीतीप्रमाणे लिहिलंय, सध्या मनात येणारं विशेषण तुझ्या नियमांत बसत नाही.) आम्ही इकडे ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? गोड खाणं खरंच सोडलंस, की फक्त वहिनींसमोर? ही चौकशी कागदावर करतोय, कारण जुन्या रेडिओंच्या त्या गटाचा तू ॲडमिन झाल्यापासून तिथे कुणाची तब्येत विचारायची सोय नाही. आणि परवा तर तू मलाच, सख्ख्या भावाला, गटातून काढून टाकलंस. रेडिओदुरुस्तीचं दुकान बंद करून तू मुलाकडे राहायला गेलास, फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, तेव्हा आपलं रोजचं बोलणं उरलं होतं ते त्या गटावरच. आता तेही गेलं.

माझ्या गुन्ह्याची हकीकत सविस्तर ऐक. बाबांच्या वेळचा मोठा रेडिओ घरघरतोय, असं मी गटावर लिहिलं आणि सुरुवातीला सगळ्यांना नमस्कार केला. मजकूर उडाला. शेरा असा, की गट तांत्रिक आहे, नमस्कार नको. मग नुसता फोटो टाकला. तोही गेला, कारण रेडिओवर आमचं मांजर झोपलं होतं आणि मांजर विषयाबाहेर होतं. (आतल्या व्हॉल्व्हची ऊब लागते म्हणून ते तिथे झोपतं, दादा. याहून तांत्रिक कारण काय असणार?) मग मी शहाणा होऊन ‘घरघर. का?’ एवढंच लिहिलं, तर माहिती अपुरी. शेवटी सगळंच लिहिलं: रेडिओ कुठे ठेवलाय, कोणत्या भिंतीला, बातम्या चालू असताना बाबा कुणाला खोकूसुद्धा देत नसत, तेही. ते वाचून गटातल्या एका घड्याळजींना त्यांचे वडील आठवले, त्यांनी चार ओळी लिहिल्या, मग आणखी दोघांनी. त्यांना ताकीद मिळाली आणि मला नारळ.

तुझं सगळंच चुकतं असं नाही. तुझ्याआधी त्या गटाचा पार बाजार झाला होता. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी पाण्याच्या फिल्टरच्या जाहिराती, आणि सोल्डरिंग कसं करावं यावरून दोन म्हातारे एकमेकांचं खानदान काढत होते. एखाद्याचा खरा प्रश्न त्या पसाऱ्यात सापडत नसे. झाडू मारायलाच हवा होता. पण तू कचऱ्याबरोबर माणसंही लोटून दिलीस.

आणि हे तू करावंस? दुकानातली तुझी रीत आठव. गिऱ्हाईक आलं की रेडिओ बाजूला ठेवायचा, स्टूल पुढे करायचं आणि त्याला बोलू द्यायचं. मी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन शेजारी चुळबुळत असायचो. तो शिंपी आला होता ना, रेडिओ रोज संध्याकाळी खरखरतो म्हणून, आणि सुरू झाला तो थेट मेव्हणीच्या लग्नापासून. तिथून घरमालक, मग त्याची पाठदुखी, मग मुलाचं कौतुक. त्यातच सहज बोलून गेला, की मुलाने शिलाई मशीनला मोटर बसवलीय आणि कामावरून आल्यावर तो ती चालवतो. तू रेडिओचं झाकणही काढलं नाहीस. मोटर बंद करून ऐका, एवढंच म्हणालास. खरखर मोटरचीच होती. आजच्या तुझ्या नियमाने तू त्याला मेव्हणीपाशीच हाकललं असतंस.

सोल्डरिंगचा धूर खोलीभर असायचा, समोरचा काहीबाही सांगत असायचा आणि तू मान खाली घालून ‘हं, पुढे?’ म्हणायचास. ते ‘हं, पुढे?’ मला फार आठवतं. कान मंदावले म्हणून ऐकणंच सोडायचं का रे? गटावर तर कान लागतही नाहीत. जाहिराती उडव, भांडणं उडव, माझी काही तक्रार नाही. पण प्रश्न घेऊन आलेल्याला थोडा वेळ स्टुलावर बसू दे.

वहिनींना नमस्कार. नातवाला पापा.

तुझा,
धाकटा (सध्या गटाबाहेर)

ता. क. मला परत गटात घे. महिनाभर फक्त तांत्रिक बोलेन. (मी शब्दाला किती पक्का आहे ते वहिनींना विचार. किंवा नकोच विचारूस.)

आणखी एक ता. क. घरघर कंडेन्सरची होती. गटावर विचारायच्या आधीच मी तो बदलला होता. तुझ्याच हाताखाली शिकलोय, एवढं मला कळतं. तू काहीतरी बोलशील म्हणून विचारलं होतं. रेडिओ आता खणखणीत वाजतो. पण इकडे यायला तुला कारण लागणार असेल तर कळव, पुन्हा बिघडवून ठेवतो.