उरलेलं पाणी ओतणारा पाहुणा

हैदराबाद, नातीच्या खोलीवरून

छबे, तुला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

आधी बद्रीनाथ म्हणून एकजण पेढे घेऊनच घुसला, मागून त्याचा साहेब. परदेशात नवी स्वस्त विमानकंपनी निघालीय, आपल्या रेवतीला पायलट म्हणून घेतो म्हणतात! मला लई आनंद झाला, दोन पेढे खाल्ले बी. पण नोकरीआधीच तिचं मूळ लायसन कावून मागतात?

"आजी, मी दिंद्रुडचाच. वडील दूधसोसायटीचे चेअरमन," बद्रीनाथ म्हणाला. आन् अर्धा पेला पिऊन उरलेलं पाणी खिडकीतून ओतलं! तुमच्या दिंद्रुडच्या दुष्काळातला माणूस असं करील का गं?

तू तिथंच दूध घालतीस. असा चेअरमन हाय का? टँकर येतोय ना? गुडघा कसाय?

लायसन मी लुगड्याच्या घडीत दडवलंय. लवकर कळव. ते पुढच्या शुक्रवारी परत येणार हायत.

तुझी अक्का,
सत्यभामा