शिट्टीआधी पेटवलेल्या गोवऱ्या

तुमच्या पायऱ्यांवरच्या लोकांनी यंदा सामना संपल्याची शिट्टी वाजायच्या आधीच जेवणाच्या गोवऱ्या पेटवल्या, आणि आता कॉलेजची मुलं हरली म्हणून मुलांनाच शिव्या देतायत. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, म्हणून लिहायला बसले. अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझे स्वतःचे दात गेले, पण भांडायला माणूस लागतो, आणि या गावात माझ्या तोडीचं आता कोणी उरलेलं नाही. अक्षर वाकडं आहे. चौथीतून शाळा सोडवलीत, तर सरळ कुठून येणार.

आपल्या उज्जैनच्या कॉलेजचं मैदान तेच आहे. सिमेंटच्या पायऱ्याही त्याच, दुपारी बसलं की तव्यावर बसल्यासारखं होतं. तुम्ही रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून फाटक्या पोत्याचा एक तुकडा आणला होता, माझ्यासाठी, चारी बाजूंनी सुतळीचे टाके घालून. बाकीच्या मुलींचे बाप बांगड्या आणायचे. तुम्ही पोतं आणलंत, वर म्हणालात, हे फुटत नाही. तो तुकडा केव्हाच झिजून गेला, पण मी अजून पोत्यावरच बसते. नातसुनेनं मऊ गादी आणून दिली होती, ती मांजराला दिली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तुम्ही मला शाळेतून काढलंत, मैदानातून मात्र काढलं नाहीत. सकाळी चूल, दुपारी सायकलच्या कॅरियरवर बसून फुटबॉल. दोन्ही गोष्टी माझ्या लक्षात आहेत, आणि एकीनं दुसरी माफ होत नाही.

मी परकरात होते तेव्हाची गोष्ट. कॉलेजची टीम वर्षाचा शेवटचा सामना हरली होती. तुमच्या पायऱ्यांवरच्या मंडळींचा रिवाज असा की वर्ष संपलं की मैदानाच्या कडेला गोवऱ्या पेटवायच्या आणि मुलांना दाल-बाफले जेवू घालायचे. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, हरलेल्यांना कशाला जेवण. तुम्ही मारलं नाहीत. बाफल्यांची टोपली माझ्या हातात दिलीत, आणि ज्याच्या पायांतून शेवटचा गोल गेला होता त्या गोलकीपरला पहिल्यांदा वाढायला लावलंत. तो मान खाली घालून बसलेला, त्याच्या गुडघ्याला माती. घरी येताना तुम्ही सायकल चालवता चालवता, मागं न बघता म्हणालात, "जिंकलेल्याला अख्खं गाव जेवायला बोलावतं. हरलेला घरी जाऊन काय खातो, हे कोणी विचारत नाही. म्हणून ते आपण विचारायचं. आणि शेवटची शिट्टी वाजल्याशिवाय गोवरी पेटवायची नाही. आधी पेटवली की ते जेवण विजयाचं होतं, मुलांचं राहत नाही." एवढं लांब तुम्ही माझ्याशी आयुष्यात पुन्हा बोलला नाहीत.

यंदाची टीम तुम्ही पाहायला हवी होती. मी असं सहसा म्हणत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. कप्तान नानाखेड्याचा, बसस्टँडच्या मागच्या कॉलनीतला. मांजर पिल्लाला तोंडात धरून नेतं, दात न लावता, तसा तो चेंडू पायाशी धरून न्यायचा. डाव्या अंगाला एक किडकिडीत पोरगा, धावायला लागला की बकरी सुटल्यासारखा. गोलकीपर असा उंच की कडुनिंबाची पानं तोडायला शिडी नको. तुमच्या वेळच्या टीम मी पाहिल्या, नंतरच्याही पाहिल्या. लग्नानंतर सासूबाई म्हणायच्या, बायका काय मैदानात बसतात का, तरी मैदान सुटलं नाही. इतकी चांगली टीम मी पाहिली नाही. हे आजही म्हणते, हरल्यावरही म्हणते, आणि कोणाला हसायचं असेल त्यानं समोर येऊन हसावं. मी आंधळी नाही. कप्तान डाव्या बाजूच्या पोराला चेंडू द्यायचा नाही, काहीतरी आपसातली फालतू कुरबुर, ते मला पहिल्याच सामन्यात दिसलं होतं. पण तरीही.

पहिले सामने त्यांनी असे जिंकले की समोरची मुलं शेवटी यांच्याच गळ्यात हात टाकून फोटो काढायची. इथंच आपल्या लोकांचं डोकं फिरलं. पायऱ्यांचा कारभार आता बँकेतून रिटायर झालेल्या एका आपल्याच मराठी माणसाकडे आहे. सगळे त्याला साहेब म्हणतात, मी बँकवाला म्हणते. माणूस वाईट नाही, पण आयुष्यभर काचेच्या आत बसला, त्याला वाटतं बाहेरचे सगळे रांगेतच उभे आहेत. त्याच्या शेजारी रामघाटावरचे पंडाजी. सकाळी जजमानांच्या पितरांना पाणी देतात आणि दुपारी रेफरीच्या पितरांचा उद्धार करतात. या दोघांनी मिळून सामन्याआधीच पेढे वाटायला सुरुवात केली, ढोल आणला, चौकात मुलांचे फोटो लावले. मग एक बरोबरी झाली, अजून एक झाली, मग एका साध्या टीमकडून हार. तरी ढोल थांबला नाही. शेवटचा सामना आपल्याच मैदानावर. जिंकले तर पुढं बाहेरगावी खेळायला जाणार, हरले तर घरी.

बँकवाल्यानं ठरवलं की वर्षाअखेरचं जेवण यंदा त्याच दिवशी सकाळी, सामन्याच्या आधी करायचं. का, तर वॉर्डातून निवडून आलेले पार्षदसाहेब तेव्हाच मोकळे होते. पंडाजींनी पंचांग उघडलं, आणि मुहूर्तही नेमका पार्षदाच्या सोयीचाच निघाला. मी म्हटलं, "शिट्टीनंतर."

बँकवाला म्हणाला, "काकू, जिंकणारच आहेत. थोडं इकडे की तिकडे."

"मग बारसंही उरकून घ्या," मी म्हटलं, "लग्न सावकाश करू."

सगळे हसले आणि कोणी ऐकलं नाही. हसणाऱ्यांचा हाच त्रास आहे.

बाफला म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. आधी उकडलेला, मग निखाऱ्यात भाजलेला, मग तुपात बुडवून काढलेला गव्हाचा गोळा. तो खाल्ला की माळव्यातला माणूस दुपारभर फक्त कूस बदलतो. गोवऱ्यांचा धूर गोलाच्या खांबांपर्यंत पसरलेला, आणि वर फलक लावलेला, मोठ्या अक्षरात, विजेता टीम का हार्दिक अभिनंदन. कोच नवा आहे, नोकरी कच्ची आहे. तो हात जोडून म्हणतो, "साहब, बच्चों को बस थोड़ा हल्का दे दीजिए, चार बजे खेलना है." पण पंडाजींनी बाफल्यांचा नैवेद्य महाकालाला दाखवून आणलेला. बँकवाला म्हणाला, "प्रसाद है, कोच साहब. प्रसाद को मना नहीं करते." उज्जैनमध्ये बसून याला उत्तर कोण देणार. मुलं मुकाट्यानं खात राहिली. पार्षदसाहेब स्वतःच्या हातानं वाढत होते, फोटोसाठी. एका फोटोत त्यांचे डोळे मिटलेले आले, म्हणून गोलकीपरला पुन्हा वाढलं. मी त्या पंगतीला बसले नाही. खोटं कशाला, एक लाडू खाल्ला.

पुढचं मी पोत्यावर बसून पाहिलं. समोरची मुलं लहान गावची, बसमध्ये केळी खात आलेली, हलकी. आपला बकरीसारखा पोरगा कमरेवर हात ठेवून उभा, मधूनच छाती चोळतोय. गोलकीपर उडी मारायची तिथं नुसता हात वर करतोय, वर्गात हजेरी दिल्यासारखा. एक गोल खाल्ला. शेवटी शेवटी कप्तानाकडे चेंडू येतो, डाव्या अंगाला तो पोरगा कसाबसा धावत पोचलेला, एकदम मोकळा, हात वर करून उभा. कप्तान बघतो, आणि स्वतःच मारतो. चेंडू खांबावरून थेट कडुनिंबात. कावळे उडाले. मग शिट्टी.

पायऱ्यांवर एकजण उभा राहून ओरडला, "दम ही नहीं है इन लौंडों में." त्याच्या मिशीला अजून तूप होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे पुन्हा पायऱ्यांवर जमले, वर्षाचा पंचनामा करायला. कोणी म्हणे कोच कच्चा, कोणी म्हणे रेफरी विकलेला, कोणी म्हणे केसांच्या फॅशनी करतात म्हणून. बँकवाला म्हणाला, "एवढं खायला घातलं, त्याचं हे फळ."

मी म्हटलं, "एवढं खायला घातलं त्याचंच हे फळ."

मग मी सांगितलं की येत्या रविवारी मुलांना जेवायला बोलवा, रीतीप्रमाणे, वर्ष आता संपलंय. बँकवाला म्हणतो, "काकू, यंदाचं जेवण झालं. रीत पार पडली. आता परत कशाचं?"

"जे झालं ते पार्षदाच्या फोटोचं जेवण. मुलांचं राहिलंय."

"हरल्याबद्दल जेवण द्यायचं? लोक काय म्हणतील?"

अण्णा, तुम्ही माझ्या हातात टोपली दिलीत तशी त्याच्या हातात द्यावी असं फार वाटलं, पण जवळ टोपली नव्हती. तुमची रीत मी तुमच्यामागं इतकी वर्षं ओढत आणली, ती एका काचेच्या मागच्या माणसाच्या तोंडून मरू द्यायची नाही, एवढं तिथंच ठरलं. आणि वेळ फार नव्हता. निम्मी टीम शेवटच्या वर्षाची. कप्तान पुढच्या आठवड्यात कारखान्यात कामाला लागतोय, गाव सोडून. हा एक रविवार गेला की ती मुलं पुन्हा एका पंगतीला बसायची नाहीत, आणि हरलेलीच राहतील, जन्मभर.

म्हणून मी रिक्षा करून नानाखेड्याला गेले. कप्तानाच्या आईनं दार उघडलं, म्हणाली, "अम्माजी, ये तो घर से ही नहीं निकलता." तो आतल्या खोलीत पालथा पडलेला. बूट खिळ्याला टांगलेले, माती तशीच. मी पलंगावर बसले, कारण खुर्चीवर त्याचे कपडे होते. म्हटलं, इतवारला मैदानात जेवायला ये.

"दादी, किस मुंह से आऊं?"

"जिस मुंह से खाएगा, उसी से आ."

तो उठून बसला. खिळ्यावरच्या बुटांकडे बघत म्हणाला, "वो खाली खड़ा था. मैंने पास नहीं दिया."

"देखा मैंने. गधा है तू. इतवार को आ, और सबसे पहले उसको अपने हाथ से परोस."

येईन म्हणाला नाही. पण मी जिना उतरत होते तेव्हा आईला विचारत होता, बुटांचा ब्रश कुठं ठेवलाय.

गोवऱ्या मी सांगून ठेवल्यात. मैदानाच्या चौकीदारानं फाटक उघडायचं कबूल केलंय, त्याचा बापही तुमच्याच पंगतीत जेवलाय. काल पंडाजी दारात येऊन उभे राहिले. तोंड उतरलेलं. म्हणाले, "अम्मा, घी मैं ले आऊंगा. मुहूर्त मत पूछना."

मी म्हटलं, "पूछा किसने?"

तो विजेत्यांचा फलक आता पोहेवाल्यानं आपल्या गाडीवर उन्हासाठी ताणलाय. रोज सकाळी त्याच्याखाली उभं राहून लोक पोहे-जिलेबी खातात आणि त्याच मुलांना नावं ठेवतात. मी तिथूनच जाते, मुद्दाम.

हे पत्र टाकणार कुठं. रविवारी गोवऱ्या पेटायला कागद लागतोच, त्यात जाईल. जळणारच आहे तर एक सांगून टाकते. ऑफसाइड मला आजपर्यंत कळलेला नाही. तुम्ही स्वयंपाकघरात फरशीवर पितळेचे पेले मांडून समजावला होतात, हा आपला, हा त्यांचा, हा शेवटचा. मी कळलं म्हणून मान हलवली, कारण वरण खाली लागत होतं. तेव्हापासून पायऱ्यांवर सगळे ओरडले की मीही ओरडते.

तुम्ही काही उत्तर द्यायचं नाही. तुमच्याकडून जे यायचं होतं ते सायकलवर येऊन गेलं. उत्तर बँकवाल्यानं द्यायचं. रविवारी, त्या पंगतीसमोर उभं राहून, पहिला बाफला वाढायच्या आधी. शिट्टीआधी गोवऱ्या का पेटवल्या, ते त्यानं मुलांना सांगायचं, आणि मग टोपली उचलायची.