कोच प्रूइट कुठेही जाणार नाहीत

टॅलो क्रीक, मिसिसिपी
१४ जानेवारी १९८७

ती. ऑर्फाताईस व्हर्लिनचा सा. न. वि. वि.

मोजे पोचले. एक मोठा, एक लहान. ऊब मात्र सारखी आहे.

इथं काहीतरी शिजतंय. सोमवारी आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचे मुख्य कोच गारलंड प्रूइट यांनी आम्हा सगळ्या असिस्टंट कोचना बोलावून सांगितलं, की अफवांवर विश्वास ठेवू नका, मी कुठेही जाणार नाही. अफवा आम्ही कुणी ऐकलीच नव्हती! त्यांच्या बायकोनं कुत्रा बहिणीकडे धाडलाय. आणि कोच माझ्याशी गोड बोलतात, हे सर्वांत भयंकर.

मला काम दिलंय टेरेल फॉन्टेनो या शाळकरी खेळाडूला आमच्या कॉलेजात आणायचं. तीन वर्षं मी या पोराच्या मागे आहे, त्याच्या आईच्या हातचा गंबो-रस्सा खात. चार फेब्रुवारीला मुलं कॉलेजांच्या कागदांवर सह्या करतात. एकदा सही केली, की पोरगं बांधलं गेलं. कोच म्हणाले, त्याच्या आईला सांग, मी चार वर्षं इथंच आहे.

ट्रेसीचं शाळेचं शेवटचं वर्ष. पुन्हा गाव बदललं तर ती बापाशी बोलायची नाही. लोभ आहेच, उपदेश आटोपशीर असावा.

तुझा,
व्हर्लिन

कुकव्हिल, टेनेसी
१९ जानेवारी १९८७

चि. व्हर्लिनला अनेक आशीर्वाद.

कुणी न विचारता माणूस नाही म्हणाला, की होकार गृहीत धरावा. पंडित याला अनुमान म्हणतात. तुमच्या धंद्यात याला जानेवारी म्हणतात. मुख्य कोच गेला की नवा येतो तो आपला लवाजमा घेऊन, आणि जुने असिस्टंट रस्त्यावर. तुझे पाच पत्ते खोडून मी हे शास्त्र शिकले.

गोड बोलतो म्हणतोस? बोकडाच्या गळ्यात माळ उगाच पडत नाही. पण तो निघालाच असेल, तर सहीची एवढी घाई कशाला? आणि त्या माउलीच्या ताटात जेवून तू तिला काय सांगणार आहेस? सावकाश चावून उत्तर दे.

ट्रेसीला पापा. उपदेश आटोपला, माया तेवढी उरली आहे.

ऑर्फाताई

टॅलो क्रीक
९ फेब्रुवारी १९८७

ती. ताईस सा. न.

तुझं अनुमान खरं ठरलं. कोचनी मला गाडीत बसवून, काचा वर करून सांगितलं: जॉर्जियातल्या मोठ्या कॉलेजची जागा पक्की, मलाही नेणार. सह्या होईपर्यंत बभ्रा नको, आणि टेरेलची सही आधी आण, म्हणजे इथं कुणाला संशय येणार नाही.

मी टेरेलच्या घरी गेलो. कागद टेबलावर ठेवला आणि म्हणालो, बाई, कोच जाणार आहेत. मिसेस फॉन्टेनोंनी पळीसुद्धा थांबवली नाही. म्हणाल्या, अरे, तो माणूस माझ्या घरी घड्याळ बघत जेवला, तेव्हाच ओळखलं. मी त्याचं कधी विचारलं? मी तुझं विचारतेय. तू राहणार का?

तीस स्वयंपाकघरांत मी या प्रश्नाला बेधडक हो म्हटलंय. या वेळी चमचा खाली ठेवला. म्हटलं, त्यांच्याबरोबर जाणार नाही. पण नवा कोच मला ठेवील का, ठाऊक नाही. बाई म्हणाल्या, या टेबलावर ठाऊक नाही म्हणणारा पहिलाच कोच तू. कागद मला परत दिला, वर आणखी वाढलं.

सही झाली नाही. बुधवारी कोच जॉर्जियाला गेले, शुक्रवारी कॉलेजनं आम्हा सगळ्यांना काढलं. ट्रेसी खूश आहे: बेकार बापाला गाव बदलावं लागत नाही, निदान उन्हाळ्यापर्यंत.

काल मिसेस फॉन्टेनोंचा फोन आला. टेरेलच्या मागे तीन कॉलेजं लागलीत, रविवारी एक कोच जेवायला येतोय. म्हणाल्या, तूही ये, माझ्या बाजूला बस, आणि तो कुठं खोटं बोलतो तेवढं मला सांग.

जातोय. ज्ञान तेवढंच आहे माझ्यापाशी.

तुझ्या मायेत घट होऊ नये,
व्हर्लिन