गाद्यांच्या गोदामातलं एक मिनिट

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला नमस्कार, आईला घट्ट मिठी. मी वेळेवर जेवते. तुमचा खोकला थांबला का? खरं कळवा.

आमचा माहितीपट एका विसरलेल्या रॉक बँडवर आहे. त्यातले ड्रमवाले आजोबा तेवढे उरलेत, पण जुन्या जागा दाखवल्या तरी एकच उत्तर, "पोरी, काही आठवत नाही." ते बोललेच नाहीत तर चित्रपट गुंडाळावा लागणार होता.

आज त्यांची तालमीची खोली गाठली. तिथे आता गाद्यांचं गोदाम आहे. तिथेही तेच उत्तर. शूटिंग संपल्यावर आम्ही प्रत्येक जागेची नुसती शांतता मिनिटभर ध्वनिमुद्रित करतो, पुढे आवाज जोडताना ती लागते. तेव्हा सगळ्यांना गप्प ठेवणं हे माझं काम.

त्या शांततेत आजोबांची बोटं गादीवर हलू लागली, मग तळहात. धूळ उडाली. मी त्यांना थांबवायला हवं होतं, पण मी जागची हललेच नाही. मी शंभरदा ऐकलेलं त्यांचं गाणं त्यांनी अख्खं वाजवलं.

मग घाम पुसत म्हणाले, "गाणारा त्या कोपऱ्यात उभा राहायचा. बेसुरा लेकाचा! विचारा आता, काय विचारायचं ते."

बाबा, माझ्या पदवीदानाला तुम्ही माझ्याकडे बघत होतात ना, तशी मी त्यांच्याकडे बघत राहिले.

तुमची थोरली