आईजवळ बसायची पाळी

रविवार, १४ तारीख, दुपारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. उत्तराला पाच दिवस लावले म्हणून शिव्या घालशील, घाल. फोनवर हे बोलता आलं नसतं, आई सतत जवळ असते. ती बरी आहे, आणि हे मी पद्धत म्हणून लिहीत नाही. वजन त्रेचाळीस झालंय, हिमोग्लोबिन साडेदहा. रक्त मीच काढलं, मीच तपासलं, लॅबमध्ये दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. सुई टोचली तर म्हणते, "कसाई आहेस अगदी." तेव्हा पटलं, बाई सुधारली.

बाकी नेहमीचंच. जिन्यातला दिवा गेलाय. खालच्या शिंपीकाकांना ऐकू येईनासं झालंय, त्यामुळे माझा ड्रेस दोन इंच तोकडा झाला. माझ्या लग्नाचं हल्ली कोणी विचारत नाही, तेवढीच शांतता.

पुढच्या महिन्यात पाच तारखेला बाळाला घेऊन येते, तिकिटंही काढली, असं तू लिहिलंस. त्यावर येते. आधी मागचं ऐक.

तू परधर्मात लग्न केलंस तरी प्रार्थनाघराच्या मोठ्या बाईंनी वर्षभर काणाडोळा केला. तू येत नव्हतीस, आम्ही तुझं नाव काढत नव्हतो, सगळ्यांचं निभत होतं. आईला झटका आल्यापासून मंडळीतल्या बायका पाळीने तिच्याजवळ बसायच्या. रोज दुपारी दोघी. वाचन करायच्या, डोक्याला तेल लावायच्या, गोळ्या हातावर ठेवायच्या. मी दिलेली गोळी आई गादीखाली सारायची आणि त्यांनी दिलेली निमूट गिळायची. माझा जळफळाट व्हायचा. पण गोळी पोटात जात होती ना.

मग तू बाळाचा फोटो पाठवलास. आईने तो प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला. वाचन संपलं की आपलं पुस्तक शेजारी बसलेल्या बाईच्या हातात द्यायचं, हे ती चाळीस वर्षं करत आलीय, त्या दिवशीही केलं. लक्षातच राहिलं नाही बिचारीच्या. त्या दुपारी पाळीला, शेजारी, नेमक्या मोठ्या बाई. त्यांनी फोटो पाहिला, मागचं तुझं अक्षर वाचलं, आणि पुस्तक मिटून आईच्या मांडीवर ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून कोणी आलं नाही.

आई रोज आवरून, केस विंचरून दाराकडे तोंड करून बसायची. आधी गोळ्या सुटल्या, मग जेवण. दोन महिन्यांत वजन अडतीस किलोवर आलं. मी रजा काढली, भरवलं, ओरडले, पाया पडले. तुला यातलं काही कळवलं नाही, कळवून काय करणार होतीस? मोठ्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, "यांच्याकडे घरी कोणी येतं-जातं का?" मला तिथेच रडू कोसळलं.

मी मोठ्या बाईंकडे गेले. त्या दुष्ट नाहीत गं. मला पाणी दिलं, आईचं ऐकून डोळे पुसले. म्हणाल्या, नियम काही मी केलेले नाहीत. बायका उद्यापासून पाठवते, पण आईने लिहून द्यायचं, मला एकच मुलगी आहे, आणि दुसरी दारात आली तरी दार उघडणार नाही.

माझा बेत होता, आईची सही मीच ठोकायची आणि पुढेमागे तुला हसत सांगायचं. पण कागद आईच्या हाती लागला. तिने चष्मा लावला, दोनदा वाचला. मी म्हटलं, राहू दे, हे नुसतं दाखवायला आहे. तर म्हणाली, "खाली तारीख घालायची का?"

आणि सही केली. पेन मी दिलं. दुसऱ्या दुपारी दोघी आल्या. आई पोटभर जेवली. मी स्वयंपाकघरातून तिचं हसणं ऐकत होते आणि मला इतकं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. फोटो तिने माझ्याकडे दिला. फाड म्हणाली नाही, ठेव म्हणाली नाही.

तेव्हा ताई, येऊ नकोस. परवा मी तिला हळूच सांगितलं, ताई पाच तारखेला यायचं म्हणतेय. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "त्या दुपारी बायका यायच्या आहेत." आणि पुढचा कपडा घेतला.

मी तुझी बाजू घ्यायला हवी होती. घेतली असती तर आज आई नसती. नाही घेतली, तर तू नाहीस. मला तिसरं काही सुचलं नाही, अजून सुचत नाही.

तुला झोप येत नाही, दूध कमी झालंय, असं तू अगदी सहज लिहिलंयस. दाजींच्या माणसांत तुला कोणी आपलं म्हणत नाही हे लिहिलं नाहीस, पण मला कळतं. आईचं झालं तेच तुझं होणार, याची मला भीती वाटते. आणि तुझ्याजवळ बसायला मी कोणाला पाठवू? एकदा रक्त तपासून घे. वेळेवर जेव. याहून जास्त काही माझ्या हातात नाही.

यापुढे पत्रही नको. आईला सापडलं तर ती स्वतः नेऊन मोठ्या बाईंना देईल. बाळाचा पापा घे. मावशीचा म्हणून सांगू नकोस, नुसता घे.

या पत्राची पोच देऊ नकोस.

तुझी,
धाकटी